पांढरं नेसून ये

शनिवारी दुपारी मोठ्या बाईंनी मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं, "मागच्या फाटकाशी तुझी आया आली आहे."

मला आया नव्हती. तरी मी गेले. फाटकाबाहेर, कचऱ्याच्या पिंपाशेजारी माझी आई उभी होती. अंगावर पांढरं लुगडं. कपाळ मोकळं. हातात बांगडी नाही. गळ्यात डोरलं नाही.

मी अकरा वर्षांची होते. पण आमच्या भागातल्या पोरीला याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. मी फाटकाचे गज धरले आणि विचारलं, "पप्पा गेले?"

आईनं आधी आजूबाजूला बघितलं. मग हळू म्हणाली, "न्हाय गं बाय. साहेब बरं हाईत. पांढरं नेसून ये म्हणाल्यात. हितल्या आया अशाच येत्यात."

बाप धडधाकट होता आणि माझ्या आईला त्यानं विधवा करून पाठवलं होतं. आगगाडीनं. तिसऱ्या वर्गातून.

बाळांनो, तुम्हाला आजवर असं सांगितलं गेलं की आजीचे वडील कोकणातले, तिकडे घारे डोळे असतातच. ते खोटं आहे. मी तसं कधी सांगितलं नाही. तुमच्या बापानं सांगितलं. आता मी सगळं नीट क्रमानं लिहिते.

माझा बाप इंग्रज. लोंढ्याला रुळांवरचा साहेब होता. ट्रॉलीवर बसून लाईन तपासायची आणि मजुरांच्या टोळ्यांवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. माझी आई सुंद्रा खानापूरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. भात कापून झालं की ती लाईनीवर खडी टाकायला जायची. साहेबानं तिला तिथं पाहिलं. पळवून नेलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहिते. माळावरच्या देवळात, टोळीच्या मुकादमापुढे, त्यानं तिच्या गळ्यात डोरलं बांधलं. आईला ते लग्न वाटलं. त्याला काय वाटलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

बंगल्यात आम्ही तिघं राहिलो. तो मला मांडीवर घेऊन इंग्रजी अक्षरं गिरवून घ्यायचा. आईच्या हातची भाकरी काट्याचमच्यानं खायचा आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. पण दुसरा गोरा साहेब जेवायला आला की आई मागच्या दारानं बाहेर जायची. कुणी सांगायचं नाही. घोड्याच्या टापा ऐकल्या की आपणहून उठायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया पाहुणे आले की अशाच उठतात.

मग साहेब रजेवर विलायतेला गेला आणि मडम घेऊन आला. मी तेव्हा बेळगावात, कॅम्पातल्या गोऱ्या मुलींच्या शाळेत राहायला होते. रंगानं मी बापावर गेले होते, म्हणून खपले. मडमेला त्यानं सांगितलं की पहिली बायको गोव्याची होती, पोर्तुगीज रक्ताची, बाळंतपणात गेली. मुलीला या सुंद्रा नावाच्या आयेनं वाढवलं.

म्हणजे माझी आई गोव्यात मेली होती आणि लोंढ्याला पांढरं लुगडं नेसून तिच्याच घरात पाणी भरत होती.

त्या शनिवारी आई मला सुट्टीसाठी न्यायला आली होती; तिच्याबरोबर मी घरी गेले. आईचं बिऱ्हाड तबेल्यामागच्या खोलीत गेलं होतं. जेवताना आई माझ्या पाठीशी उभी राहून वाढत होती. मडम वाईट नव्हती. तिनं कधी आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून ती प्रेमानं म्हणाली, "तुझी आया तुला फार जीव लावते. हे लोक कुत्र्यासारखे इमानी असतात."

मी बापाकडे बघितलं. तो मासा निवडत होता. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावत होता.

त्या सुट्टीत मामाच्या मुलीचं लग्न होतं. आई मला घेऊन माहेरी गेली. जुनं हिरवं लुगडं पेटीत होतं, पण ते नेसायची तिची हिंमत झाली नाही. मडमेला कळलं तर, ही भीती. सोप्यात बायका एकमेकींच्या ओट्या भरत होत्या. आई दाराशी थांबली. मामी तांदळाचं सूप हातात घेऊन आली, तिला पायापासून कपाळापर्यंत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, तुझी ओटी कशी भरू गं? धनी जित्ता आन् कपाळ पांढरं. सवाष्ण म्हणू का रांड म्हणू, तूच सांग."

बायका हसल्या. एक म्हातारी माझी हनुवटी वर करून बघायला लागली. "डोळं बघा की मांजरीगत. व्हय गं, तुला रात्रीचं दिसतंय?"

आईनं मला मागं ओढलं. आम्हाला गोठ्यात पान मांडलं. मामा पाणी घेऊन आला, वरून ओतलं आणि म्हणाला, "आवराआवरी करा अन् निघा. पाव्हणं यायला लागल्यात." हा मामा आईच्या पाठचा. आईनं त्याला कडेवर वाढवलं होतं.

गोऱ्यांनी तिला आया केलं. आपल्यांनी तिला तेवढंही केलं नाही.

परत येताना बैलगाडीत आईनं कमरेची चंची उघडली. पानसुपारीसाठी असेल असं वाटलं. तिच्यात कुंकवाचा करंडा होता. लावत नव्हती, पण जवळ बाळगत होती. मी बघते आहे हे कळल्यावर तिनं तो झाकला.

सुट्टीनंतर शाळेचा बक्षीस समारंभ होता. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. बाप आणि मडम पुढच्या रांगेत होते. आया भिंतीला टेकून जमिनीवर, मुलींचे कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, त्यांच्यात माझी आई. मी इंग्रजी कविता म्हटली. मला पुस्तक मिळालं. टाळ्या झाल्या. भिंतीकडून टाळ्या आल्या नाहीत, आयांना ती परवानगी नव्हती. मडमेनं माझ्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "पुस्तक आयेकडे टाक आणि ये. आपण चहा घेऊ."

टाक, म्हणाली.

मी भिंतीकडे गेले. पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं. तिच्या कमरेची चंची ओढली, करंडा काढला आणि कुंकवाचं बोट तिच्या कपाळावर टेकवलं. तिनं माझा हात धरायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. मग मी खुर्च्यांकडे वळले आणि त्यांनीच शिकवलेल्या इंग्रजीत, कविता म्हटली तेवढ्याच आवाजात म्हणाले, "ही माझी आया नाही. ही माझी आई आहे. ती गोव्यात मेलेली नाही. खात्री करायची असेल तर पुढच्या रांगेतल्या, करड्या टोपीच्या गृहस्थांना विचारा."

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. काही झालं नाही. चहा चालू राहिला. मडम उठली आणि गाडीकडे चालू लागली. बाप मोठ्या बाईंना म्हणाला, "मुलीला ऊन लागलं आहे." माझ्याकडे बघितलं नाही. आईकडेही नाही. टोपी सारखी केली आणि मडमेच्या मागे गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

मी रडत होते. आई रडत नव्हती. तिनं पदर घेतला आणि मी लावलेलं कुंकू पुसून टाकलं. जोरानं पुसलं, कपाळ लाल झालं.

"आई म्हणलीस, त्येवढं बास," ती म्हणाली. "ह्येच्या नावाचं आता नगं."

ती वाक्यं ऐकली आणि माझं रडणं थांबलं. मी तिला बापाची बायको म्हणून परत उभी करायला गेले होते. तिनं तेही नाकारलं. ती कुणाची आया नव्हती, कुणाची विधवा नव्हती, आणि आता कुणाची बायकोही नव्हती.

संध्याकाळच्या आत माझी पेटी फाटकाबाहेर आली. आम्ही खासबागेत विणकरांच्या वस्तीत एक खोली घेतली. आई मागांसाठी कांड्या भरायची. मिशनच्या शाळेनं मला घेतलं. आईनं पुन्हा पांढरं लुगडं नेसलं नाही आणि पुन्हा कुंकू लावलं नाही. निळं लुगडं, मोकळं कपाळ. नळावरच्या बायका विचारायच्या, नवरा हाय का गेला? आई म्हणायची, "मी हाय की." तुमच्या आजोबांना, निपाणीच्या मास्तरांना, हे सगळं मी लग्नाआधी सांगितलं. त्यांच्या घरच्यांनी त्यांना तोडलं. त्यांनी मला तोडलं नाही.

आता आजचं लिहिते. आता आफ्रिकेतूनही गोरा साहेब बोजाबिस्तरा बांधून निघाला आहे, आणि तुमच्या बापाचं नैरोबीहून पत्र आलं आहे. तुमच्या भावाला, वसंताला, एका आफ्रिकी मुलीशी लग्न करायचं आहे. ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. तुमचा बाप लिहितो, घराण्याला काळिमा लागेल, आई, तू मोठी आहेस, त्याला दटाव. पुढे लिहितो की अगदीच ऐकेना तर लग्नाचं नाव न काढता घरात ठेवू दे, आपल्या लोकांत स्वयंपाकीण म्हणून सांगता येईल.

माझ्या पोटचा मुलगा. त्याला कुणी शिकवलं नाही. तरी वाक्य तेच.

त्या मुलीचं नाव त्याच्या पत्रात नव्हतं. ते मी वसंताकडून मागवून घेतलं. वांजिकू. तुम्ही सगळे ते नीट म्हणायला शिका.

तुमच्या बापाला मी उत्तर धाडलं आहे. ते तो तुम्हाला दाखवणार नाही, म्हणून इथं उतरवते: "ज्या दिवशी तू वांजिकूला पाहुण्यांपुढे स्वयंपाकीण म्हणशील, त्या दिवशी लोकांना हेही सांग, की तुझी आई गोव्यात मेली. मग मी खरंच मेले की रडू नकोस, केस उतरवू नकोस आणि माझ्या नावानं पाणी सोडू नकोस, कारण मी तुझी कुणी नव्हते."