तेविसाव्या फोटोतला हात

चनबसप्पाचा धंदा काय, हे सांगून कुणाला पटायचं नाही. वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची, दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस फोटो काढायचे आणि एकापाठी एक जोडायचे. मग मोबाइलवर बोट ओढलं की वस्तू गरागरा फिरते, पुढून-मागून दिसते. पंपापासून समईपर्यंत सोलापुरातलं काय काय त्यानं फिरवलं म्हणून सांगू!

पाट फिरवायची त्याची बायको काशम्मा. खुणेपर्यंत पाट सरकवायचा, हात मागं घ्यायचा आणि कानडीत म्हणायचं, "आय्तु." म्हणजे झालं. मग हा बटण दाबणार. कधी घाईत तिचा हात फोटोत आला की मग काय विचारता!

"अगं, गिऱ्हाइकाला पंप बघायचाय, तुझ्या बांगड्या न्हाईत!" असं खेकसून हा तो फोटो पुसून टाकायचा. लई काटेकोर माणूस.

काशम्मा जाऊन वर्ष झालं. पाट आता मोटरवर फिरतो. चुकत नाही आणि बोलतही नाही. लग्नाच्या अल्बमात ती आहे, नाही असं नाही, पण ती मान खाली घातलेली नवरी. त्याला हवी होती ती रोज समोर बसून काम करणारी काशम्मा. काही जुन्या डिस्क बंद पडल्या होत्या. उरलेल्या त्यानं उलथ्यापालथ्या केल्या. एक हात सापडेल तर शपथ! स्वतःच पुसलेलं, बोंब कुणाच्या नावानं मारायची?

परवा चिंचोळी एमआयडीसीतून पंपवाल्या सोमशेखरचा फोन आला.

"ओ चनबसप्पा, तुमी दोन वर्षांमागं केलेल्या आमच्या पंपाला हात फुटलाय की! मागच्या बाजूला बघा. काढून टाका तेवढा."

त्यानं पाठवलेला पंप चनबसप्पानं उघडला आणि बोट ओढत गेला. तेविसाव्या फोटोत, पाटाच्या कडेला, चार बोटं आणि हिरव्या बांगड्या. त्याला एकदम रडू फुटलं. पुढं ओढलं तर नुसता पंप. मागं आणलं की हात. पुन्हा पुढं, पुन्हा पंप. जन्मभर वस्तू हलवून दाखवल्या त्यानं. पण हात हलताना दिसायला निदान दोन फोटो लागतात, आणि त्याच्याकडे एकच होता. तो त्यानं वेगळा जपून ठेवला.

संध्याकाळी हात काढलेला पंप सोमशेखरला गेला. मग चनबसप्पानं पाटाची मोटर काढून ठेवली, काशम्माच्या जागी जाऊन बसला, रिकामा पाट खुणेपर्यंत सरकवला आणि हात मागं घेतला.

"आय्तु," तो म्हणाला.

बटण दाबायला समोर कुणी नव्हतं.