हिरवळीचं पथ्यपाणी

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर हे अंगणातल्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले होते. हातात पेपर वाचायचं भिंग. हिरवळीवर भाकरीएवढे पिवळे चट्टे पडले होते आणि हे एकेक पातं निरखत होते.

"बुरशी आहे," आत येऊन त्यांनी पडेल आवाजात सांगितलं.

"रोज संध्याकाळी पाणी मारता, ते रात्रभर तसंच राहतं. सकाळी घाला," मी म्हटलं.

त्या दिवसापासून पथ्य सुरू झालं. पाणी फक्त सकाळी, कापणी बेताची, वाळका पाला लगेच उचलायचा. चहाआधी हे चट्टे बघून येत आणि "आज जरा बरं वाटतंय" म्हणत. कोणाला, हे मी विचारत नसे.

माझ्या तापात यांनी इतक्यांदा चौकशी केल्याचं मला आठवत नाही. त्या गवताचा मला चक्क हेवा वाटू लागला. वाटलं, ज्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही, त्याचीच माणूस जास्त काळजी घेत असावा. आपण बोलतो, तिथेच चुकतं.

परवा न्हाऊन मी ओल्या केसांचाच अंबाडा घातला आणि शिंकले. हे टॉवेल घेऊन लगबगीने आले.

"केस मोकळे सोड. उन्हात बस जरा, वारा लागू दे."

मला अगदी भरून आलं.

"ओल राहिली," हे काळजीने म्हणाले, "की चट्टे पडतात."