मी 'फिट आहे' म्हणाले

डब्लिनमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारे संघ आहेत, हे मला तिथे तीन वर्षं राहूनही माहीत नव्हतं. कळलं ते आमच्या हॉस्पिटलमधल्या एका पोर्टरमुळे. पेशंटना ट्रॉलीवरून वॉर्डातून एक्स-रेला, ऑपरेशनला आणि परत असं दिवसभर ने-आण करणारा हा माणूस. वय अडतीस, खांदे दाराएवढे, आवाज मात्र मऊ. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते, छातीच्या पेशंटसाठी. २०२०च्या मार्चपर्यंत आमची ओळख लिफ्टमध्ये हवापाण्याबद्दल बोलण्यापुरती होती.

मग कोविड आला आणि माझी ड्युटी आयसीयूत लागली. तिथे बेशुद्ध पेशंटना पालथं करावं लागायचं, म्हणजे फुप्फुसांत जरा हवा शिरते. सात-आठ जण लागत. एकही नळी निसटता कामा नये. पहिल्याच दिवशी माझी नजर पेशंटच्या चेहऱ्यावर खिळून राहिली. पलंगाच्या पलीकडे हा पोर्टर उभा होता. मास्कच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते.

"पेशंटकडे बघू नकोस," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे बघ. डॉक्टरांनी 'तीन' म्हटलं की आपण दोघं एकदम."

आम्ही दोघांनी एकदम केलं. त्यानंतर त्या खोलीत जाताना तो आहे का, हे मी आधी बघून घ्यायचे. घरी गेल्यावर मी गॅरेजमध्येच कपडे बदलायचे आणि आंघोळ होईपर्यंत माझ्या पाच वर्षांच्या मुलीला जवळ येऊ द्यायचे नाही. दिवसभरात मला शांत वाटायचं ते त्या माणसाच्या समोर उभं असताना.

उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले तेव्हा त्याने विचारलं, "आमच्या संघाला फिजिओ हवाय. रविवारची सकाळ. येशील?" बारा वर्षं तो त्या संघाचा क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर वेळी चेंडू पहिल्यांदा येतो तो. समोरून पाच-सहा धिप्पाड माणसं त्याला आडवं करायला धावत येतात आणि त्या दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा ते त्याने ठरवायचं. मला या खेळातलं काही कळत नव्हतं. तरीही मी हो म्हणाले. त्याला नाही म्हणणं मला सुचलंच नाही.

त्या वर्षी सराव जेमतेम सहा-सात रविवार झाला आणि पुन्हा सगळं बंद झालं. जानेवारीत डब्लिनमध्ये कोविडची मोठी लाट आली. तिच्यात तो स्वतःच आजारी पडला आणि आमच्याच वॉर्डात दाखल झाला. दहा दिवस ऑक्सिजनवर होता. त्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवण्याचं काम माझ्याकडे आलं. चार पावलं टाकून तो माझ्या खांद्यावर असा टेकला की मला वाटलं, आम्ही दोघंही पडणार. मी त्याला हळूच खुर्चीत बसवलं.

२०२१च्या जूनमध्ये मैदान पुन्हा उघडलं. फाटकाशी नाव-फोन लिहून द्यायचा, हात सॅनिटाइझ करायचे, मग आत. सामान ठेवायला एक जुना लोखंडी कंटेनर होता, मागे डब्लिनचे डोंगर. तो पहिल्याच दिवशी हजर होता, वजन उतरलेलं, दाढी वाढवलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच्या बरोबरीने आता आणखी एकजण चेंडू फेकत होता. वय बावीस, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, तीन वर्षं राखीव क्वार्टरबॅक. त्याला सगळं या मोठ्यानेच शिकवलं होतं, पाय कुठे ठेवायचे इथपासून. लाजाळू होता, बोलताना बुटांकडे बघायचा. पण त्याच्या हातून सुटलेला चेंडू असा सरळ जायचा की बाजूला उभी असलेली मीसुद्धा थबकायचे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शेजारच्या काउंटीतल्या संघाबरोबर सामना ठरला होता. दीड वर्षातला पहिला. कोणाला उतरवायचं, यावर संघात कुजबुज सुरू झाली.

जुलैत एका रविवारी धावण्याचा सराव संपला आणि मी बर्फाची पेटी आणायला कंटेनरकडे गेले. मागच्या बाजूला तो उकिडवा बसला होता. एक हात छातीवर, दुसरा जमिनीला टेकलेला. चेहरा राखेसारखा. मी खाली बसून त्याचं मनगट धरलं. नाडी चार ठोके धावत होती, एक गाळत होती, पुन्हा धावत होती.

"ग्रँड आहे मी," तो म्हणाला. ग्रँड म्हणजे ठीक, आणि आयर्लंडमध्ये पाय मोडलेला माणूसही ग्रँड असतो.

"हे ग्रँड नाहीये. कधीपासून होतंय?"

"जोरात पळलं की. दोन मिनिटांत जातं." मग त्याने माझा हात धरला. "कोचला सांगू नकोस. हा शेवटचा सीझन. मग मी आपणहून थांबतो."

"हृदयाची तपासणी कर. ईसीजी, सोनोग्राफी, सगळं. त्याशिवाय पळायचं नाही."

"सोमवारी करतो. शब्द देतो."

कोविडनंतर हृदयाला सूज येऊ शकते, अशा वेळी पळणं जिवावर बेतू शकतं, हे सगळं मला ठाऊक होतं. सोमवारी लिफ्टपाशी मी विचारलं तर तो म्हणाला, "झालं. सगळं नीट आहे." माझा विश्वास बसला. खरं सांगायचं तर मी तो बसवून घेतला. पुढे काही विचारावं लागलं नाही याचं मला बरंच वाटलं होतं.

सामन्याला आठवडा उरला असताना कोचने जुन्या खेळाडूंना आणि मला कार पार्कमध्ये गोळा केलं. कोच पन्नाशीचा, शाळेत शिकवणारा, सरळ माणूस. आम्ही अंतर ठेवून गोल उभे होतो. तो बावीस वर्षांचा लांब फाटकाशी उभा होता, आणि मोठा क्वार्टरबॅक आमच्यातच, हाताची घडी घालून.

"पोरगा जास्त चांगला फेकतो, हे आपल्याला दिसतंय," एकजण म्हणाला.

"पण दबाव आला की काय करायचं ते याला कळतं," दुसरा म्हणाला. "बारा वर्षं याने आपल्याला सांभाळलंय. हॉस्पिटलातून उठून आलाय तो. आणि आपण त्याला बाकावर बसवायचं?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी कोच माझ्याकडे वळला. "तू सांग. तो फिट आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही. आयसीयूत मास्कच्या वर दिसायचे तेच डोळे. तपासणीचा कागद मी पाहिलेला नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"फिट आहे," मी म्हणाले.

कोचने मान डोलावली. ठरलं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. गाडी लाल दिव्याला थांबली की मला मैदानात पडलेला तो दिसायचा आणि मागचा हॉर्न देईपर्यंत मी तिथेच असायचे. गुरुवारी वॉर्डाबाहेर मी त्याला गाठलं.

"ईसीजी कुणी काढला? रिपोर्ट दाखव मला."

तो ट्रॉलीचं चाक बुटाने उगाच मागे-पुढे करत राहिला. "अगं, व्हायचाय अजून. सामना झाला की लगेच."

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कंपनीच्या मीटिंगमधून नुकताच उठला होता, हेडफोन अजून गळ्यात. ऐकून म्हणाला, "उद्या त्याला काही झालं, तर तू आयुष्यभर काय करणार आहेस?"

शुक्रवारी मी कोचचा नंबर दोनदा लावला आणि दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत बंद केला. शनिवारी लावलाच नाही. त्या माणसाला दुखावण्याची भीती होती, आणि सगळ्यांसमोर खोटी ठरण्याचीही. यातली कुठली मोठी होती ते मी अजूनही सांगू शकत नाही.

रविवारी बारीक पाऊस पडत होता. सामना सुरू व्हायला पाऊण तास होता. तो हेल्मेट चढवून चेंडू फेकत होता आणि प्रत्येक फेकीनंतर मी त्याच्या छातीकडे बघत होते. एकदा तो जरासा वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून. कदाचित नुसता दम खात असेल. मी धावत कोचपाशी गेले.

"मी चुकीचं सांगितलं. तो फिट नाही. त्याची नाडी चुकते. तपासणी झालेलीच नाही."

कोच माझ्याकडे वळला. "हे तू आत्ता सांगतेस?"

"हो."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. सरळ मैदानात गेला. मी मागोमाग. त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्या मोठ्या माणसाने हेल्मेट काढलं आणि माझ्यावर ओरडला. त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तू डॉक्टर आहेस का? कोण आहेस तू?"

सगळा संघ उभा होता. काहींनी माझ्याकडे पाठ फिरवली. तो हेल्मेट गवतात टाकून कार पार्ककडे निघून गेला.

पोरगा कंटेनरच्या आडोशाला उलटी करत होता. मी त्याला पाणी दिलं. "मला जमणार नाही," तो म्हणाला. "त्याच्या जागी कसा जाऊ?" मी त्याच्या बोटांना पट्टी बांधली. ती दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली.

सामना सुरू झाला. पहिल्याच धडकेत पोरगा आडवा झाला, उठला. दुसऱ्यांदाही. माझं लक्ष मात्र कार पार्ककडे होतं. इतका रागावलेला माणूस, चुकती नाडी, आणि गाडीत एकटा. मध्यंतराला मी प्रथमोपचार सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला इथे थांब म्हणाले आणि कंटेनरमधून संघाचं यंत्र उचललं, बंद पडलेल्या हृदयाला शॉक देण्याचं. ते घेऊन मी त्याच्या गाडीपाशी गेले.

काचा वर होत्या. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी काचेवर टकटक केली. त्याने मान वळवली नाही. मग मी बॉनेटसमोर उभी राहिले. यंत्राची पिशवी पोटाशी धरून, पावसात, काचेतून त्याची छाती वर-खाली होते आहे का ते बघत. पाठीमागे मैदानात आरडाओरडा चालला होता. मी वळून पाहिलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझे बूट आतपर्यंत भिजले होते.

शेवटी काच चार बोटं खाली आली.

"स्कोअर काय?"

"माहीत नाही."

"कशाला उभी आहेस?"

"तू मरशील म्हणून."

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग दार उघडलं आणि मी शेजारी बसले.

"वॉर्डात असताना," तो म्हणाला, "माझ्या बाजूचा माणूस गेला, त्याला खाली शवागारात कोणी नेलं, मला माहीत होतं. माझ्याबरोबरचाच एक पोर्टर. मीसुद्धा कितीतरी जणांना तसंच नेलंय. त्यानंतर मी ईसीजीला जाऊ शकत नाही गं. दारापर्यंत जातो आणि परत येतो. तीनदा गेलो. खेळत राहिलो तर मला काही झालेलं नाही, असं वाटतं."

"उद्या मी येते बरोबर," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी अर्धी सुट्टी घेतली. दारापाशी तो खरंच थांबला, आणि मी त्याच्या कोपराला धरून आत नेलं. तपासण्यांना दोन आठवडे लागले. हृदयाच्या स्नायूला सूज होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने धावायचं नाही, जड काही ओढायचं नाही, नंतर पुन्हा बघू. हॉस्पिटलने त्याला ट्रॉली ढकलण्याच्या कामावरून काढून रिसेप्शनवर बसवलं. खेळ सुटला तो सुटलाच. माझ्याशी तो नीट बोलतो, पण आभार वगैरे त्याने कधी मानले नाहीत आणि ते बरोबरच आहे. माझं ते 'फिट आहे' त्यानेही ऐकलं होतं.

सामना आम्ही हरलो होतो. संघातल्या दोघा-तिघांनी पुढे माझ्याकडून पायाला पट्टीसुद्धा बांधून घेतली नाही. कोच एकदा म्हणाला, "यापुढे मी तुझं तोंडी ऐकणार नाही, कागदावर दे." मी कागदावर द्यायला लागले.

ऑक्टोबरात त्या बावीस वर्षांच्या मुलाचा मेसेज आला. आता तोच क्वार्टरबॅक होता. 'मला तपासशील का? काही होत नाहीये. पण भीती वाटते.' पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला. बाकावर बसून त्याने जर्सी वर केली. मी स्टेथोस्कोप हातावर घासून गरम केला आणि लावला. ठोके स्वच्छ होते, एकसारखे. त्याला तपासणीला पाठवायचं हे मी आधीच ठरवलं होतं, चिठ्ठीही खिशात होती.

"ठीक आहे ना?" तो बुटांकडे बघत म्हणाला.

"थांब जरा," मी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागले.