वाघीण आवाज करत नाही

जिथे रेल्वेचा एक रूळ नाही तिथे बसून रेल्वेला भिणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, आणि तो आमच्याच घरातला. यांचे मावसकाका. उभा जन्म घाटावरच्या एका जंक्शनात सांधेवाले होते, म्हणजे येणाऱ्या गाडीला रूळ बदलून द्यायचे. पेन्शनीत निघाल्यावर रत्नागिरीजवळ आमच्या शेजारी, गावच्या घरी आले. गावाची ओढ वगैरे काही नाही हो. पुढे दर्या, मागे सह्याद्री, इथे गाडी येणं शक्य नाही, हा हिशोब!

साधी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, ओलांडायची तरी थांबायचे, दोन्हीकडे बघायचे, कान द्यायचे. उतारावर चाक दिसलं की त्याला दगड लावायचे, मग ती बैलगाडी असो की पोराची सायकल. एकदा थांब्यावरच्या एसटीच्या चाकाला अख्खा चिरा लावून आले. कंडक्टर घंटी मारतोय, गाडी हलेना. ड्रायव्हर खाली उतरला, "कोण रे तो मेला?" काका म्हणाले, "मीच. उतारावर उभी करतोस, आणि वर मलाच विचारतोस?"

आले त्याच दिवशी ओटीवर बसून मला सांगितलं, "सूनबाई, इंजिनाला भिऊ नये, ते ओरडत येतं. सुटलेली वाघीण आवाज करत नाही. माझा जोडीदार तसाच गेला. पाठमोरा होता बिचारा, विडी पेटवत होता." मला काय ठाऊक, मालाच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात! मी धावत जाऊन शेजारी सांगितलं. झालं, तिन्हीसांजेच्या आत वाडीनं गुरं बांधली, पोरांना अंगणात सोडेनात, बायका विहिरीवर घोळक्यानं जायला लागल्या. शेवटी एकानं धीर करून विचारलं, "काका, वाघीण केवढी होती हो?" काका म्हणाले, "चार चाकांची."

त्या जंक्शनाची अख्खी बखर त्यांना पाठ. आधी छोटी गाडी आली, मग मधली, मग मोठी. तिघींचे रूळ वेगळ्या रुंदीचे, म्हणून एकीचा माल दुसरीत चढवायला यार्ड. ते यार्ड वाढत गेलं. आधी चिंचेचं बन गेलं, मग विहीर, मग काकांची चाळ. "रूळ एकटा येत नाही, त्याला पोरं होतात," असं म्हणताना आवाज खाली जायचा त्यांचा. आणि काकी म्हणायच्या, "मी तुळस लावली की तिथे रूळ आला म्हणून समजा."

ऐंशी सालानंतर कधीतरी कोकणात रेल्वेसाठी मोजणी सुरू झाली. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, माणसं उतरली आणि काकांच्या परसातून पांढऱ्या डोक्याच्या खुंट्यांची ओळ ठोकून गेली. काकांचं जेवण तुटलं. "माझा माग काढत आली गो," एवढंच म्हणायचे. आणि एका सकाळी बघतात तर त्या ओळीला लागून दुसरी ओळ! म्हणजे यार्डच की. माळ्यावरची ट्रंक खाली आली. काकींनी मला हाक मारली, मी गेले तो त्या उंबरठ्यावर बसलेल्या.

"मी नाही यायची. आयुष्यात पहिल्यांदा माझी तुळस जागेवर राहिलीये."

"अगो, तू पाठमोरी असशील," काका म्हणाले, "परसात भांडी घाशीत असशील. तुला कळायचंसुद्धा नाही."

मलाही मान वळवून मागे बघावंसं वाटलं.

काकी उठल्या, परसात बघून आल्या. "दुसरी ओळ म्हणता ती ही? मेले माझे पडवळाचे खुंट ते! वाळवी लागू नये म्हणून चुना फासलाय."

"मग त्यांच्या ओळीला लागून कशाला ठोकलेस?"

"सरळ आखलेली आयती मिळाली, म्हटलं मोडायची कशाला?"

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. ट्रंकेवर बसून राहिले, मग काथ्याची दोरी घेऊन स्वतःच मांडव बांधायला गेले. पुढे पडवळ लागले. ते काढायला जाताना आधी काका मांडवाशी उभे राहायचे, दोन्हीकडे बघायचे, आणि मग काकींना म्हणायचे, "ये."

गाडी आली ती काका गेल्यानंतर, आणि आली ती डोंगरापलीकडून. दुपारी शिटी ऐकू येते. काकी मान वर न करता म्हणतात, "ओरडतेय ना? मग भिऊ नको." शिटी विरते, परस गप्प होतं. मग मात्र त्या भांडी घासता घासता थांबतात, आणि एकदा मागे वळून बघतात.