पाय धुवायचं पाणी

मंडळी, "नवे टायर कसे काय?" असं संध्याकाळी हसत विचाराल, म्हणून क्लबच्या फळ्यावर आधीच लिहून ठेवतो.

जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला गेला, तेव्हा त्याची लाल स्पोर्ट्स कार मी घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज सकाळी राजापेठेत तिचे टायर बदलले. दुकानदार म्हणाला, "वकीलसाहेब, खेड्यातल्या रस्त्याले काळेच घ्या." मी पांढऱ्या पट्ट्याचे घेतले. लाल गाडीला शोभतात ना!

तसाच अंजनगावला गेलो. आपल्या वासुदेवचे वडील परवा वारले, म्हणून भेटायला. वाटेतल्या ओढ्यात चाकं चिखलानं माखली.

दारात वासुदेवच्या म्हाताऱ्या आत्यानं पाय धुवायला पाण्याचा लोटा दिला. तिकडच्या विहिरी खाऱ्या. गोडं पाणी बाया लांबून डोक्यावर आणतात. हे मला माहीत आहे. तरी लोटा मी पुढच्या चाकावर रिकामा केला आणि रुमालानं पट्टा पुसत बसलो.

मान वर केली, तर ओट्यावरची सगळी माणसं बघत होती. डोकं भादरलेला वासुदेवही.

आत्या म्हणाली, "बापू, अजून आनू काय? तीन चाकं राह्यले."

टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच पाणी आणायला आत वळली होती.

सांत्वनाचा एक शब्दही न बोलता परतलो. तेरवीला जावंच लागेल. कुणी सोबत येता का? त्या दारात एकट्यानं पाय धुवायची माझी हिंमत नाही.