जर्मन म्हाताऱ्याची पत्रं

अमेरिकेत सून मला एडिसन गावच्या लायब्ररीत सोडून कामावर जायची. तिथे एक जर्मन म्हातारा रोज कॉम्प्युटरवर दोन बोटांनी पत्रं लिहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मोडक्या इंग्रजीत विचारलं, "रोज कुणाला लिहिता?"

"युरोपच्या खासदारांना. कोणी कुणाला फोन केला, याची नोंद ठेवायचा कायदा येतोय. तो झाला तर जर्मनीतली माझी बहीण माझा फोन उचलणार नाही. पूर्व जर्मनीच्या जुन्या कम्युनिस्ट राजवटीत अशाच नोंदींवरून तिला तुरुंगात टाकलं होतं. आता तिला दिसत नाही, म्हणजे पत्रही वाचता येत नाही."

"पण लपवण्यासारखं बोलता तरी काय?"

"गुडघ्यांबद्दल. पण गुडघे आमचे आहेत, सरकारचे नाहीत."

"मग माझ्या सुनेलाही एक पत्र लिहा. ती माझ्या फोनचं बिल वाचते."

तो पहिल्यांदाच हसला.

पुढे कायदा झाला. म्हातारा यायचा, पण नुसताच बसून राहायचा.

"फोन लावून तर बघा," मी म्हटलं. "भावाचा आहे म्हटल्यावर उचलेल."

"न उचललेल्या फोनचीही नोंद राहते. तिला तेवढंही घाबरवायचं नाही मला."

बहिणीला जपायचं म्हणून हा माणूस तिच्याशी बोलायचाच थांबला होता.