म्हातारीला छावणीत बांधतो

लग्न होऊन मी सिरसाळ्याजवळच्या त्या गावात आले, ते दुष्काळाच्याच साली. टँकर दुपारी यायचा, पण बाया सकाळीच घागरी रांगेला लावून तिथंच बसायच्या. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे त्या रांगेचा जीव. गावातल्या कुणाचाही आवाज हुबेहूब काढायच्या.

एकदा रांगेत बातमी आली. सोसायटीचे चेअरमन घरात बोलत होते, ते भिंतीपलीकडच्या बाईनं ऐकलं होतं, "म्हातारीला उद्या छावणीत नेऊन बांधतो. हितं पाजायला पाणी न्हाई." छावणी जनावरांची, अन् चेअरमन बोलत होते त्यांच्या म्हाताऱ्या म्हशीबद्दल. पण घरात त्यांची म्हातारी आईही होती. बातमी रांगेच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यांनी आईच्या गळ्यात दावं बांधलेलं होतं!

जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, हे तर आयतं नाटक हाय. तू शिकलेली, लिही."

मी काय लिहिणार? रांगेत बसायचं, कान उघडे ठेवायचे. एकीनं अर्धं ऐकून दुसरीला पुरतं सांगितलं, की झाला पुढचा प्रवेश तयार.

त्या साली सोसायटीचं गोदाम रिकामंच होतं. चेअरमनच्या बायकोनंच हौसेनं किल्ली आणून दिली. नाटक फक्त बायांसाठी, म्हणून शटर खाली ओढलं. तरी खालच्या फटीतून बाहेर उभ्या असलेल्या गड्यांच्या चपला दिसत होत्या.

जाऊबाई धोतर नेसून चेअरमन झाल्या. त्यांनी ते वाक्य टाकलं अन् बाया हसून लोळायला लागल्या. तेवढ्यात आवाज आला, "आवो, मी म्हशीचं म्हणलतो!"

हा आवाज जाऊबाईंचा की बाहेरच्या खऱ्या चेअरमनचा, क्षणभर कुणालाच कळेना. मग त्यांची बायको उठली अन् शटरकडं तोंड करून म्हणाली, "मग म्हस म्हणायचं व्हतं! घरात दोन म्हाताऱ्या हायेत, कुणाला काय कळावं?"

गोदाम दणाणलं. चेअरमनची आई पुढंच बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. काय झालं, ते सुनेनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "छावणीत पाणी हाय का? असंल तर जाते की मी. तुमची एक कळशी तरी वाचंल."

हसू एकदम थांबलं. हे आम्ही लिहिलेलं नव्हतं. मी पडद्याआड वही घेऊन वाक्यं सांगायला उभी होते, ती उगाच पानं उलटायला लागले. जाऊबाई मात्र धोतर सावरत खाली उतरल्या, म्हातारीपुढं बसल्या अन् चेअरमनच्याच आवाजात म्हणाल्या, "आये, तू कुटं निघालीस? माजी कळशी तुलाच हाय की."

म्हातारीनं त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. बाया हसतही होत्या अन् पदरानं डोळेही पुसत होत्या. कुणीतरी शटर वर केलं. चेअरमन वाकून आत आले आणि कुणाकडं न बघता आईचा हात धरून तिला घरी घेऊन गेले.

आता ते आमच्याशी बोलणं टाकणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते टँकरपाशी आले, जाऊबाईंपुढं थोडे घुटमळले अन् म्हणाले, "का वो सूनबाई, माजा आवाज लई घोगरा हाय का?"

पुढच्या साली पाऊस झाला, गोदाम खताच्या पोत्यांनी भरलं. नाटक पुन्हा काही झालं नाही. आता घरोघरी नळ आहेत. पाणी येतं तेव्हा ज्याचं त्याचं दार लावलेलं असतं. जाऊबाई लेकाकडं पुण्याला असतात. फोन केला की आधी विचारतात, "काय म्हणतंय गाव?" अन् मला सांगायला काहीच सापडत नाही.